निरभ्र रात्रींचा हिशेब

कोट्यवधी रुपयांची दुर्बीण ढगांपुढे आंधळीच ठरते. त्यामुळे वेधशाळेची जागा ठरविताना उपग्रहांची अनेक वर्षांची मेघचित्रे तपासून निरभ्र रात्री मोजण्याची पद्धत रूढ झाली, हे योग्यच झाले. मात्र उपग्रहाचा कौल हाच अखेरचा निकाल मानण्याचा मोह आवरला पाहिजे.

रात्री उपग्रह अवरक्त किरणांनी पाहतो. ढगाचा माथा थंड आणि जमीन उबदार, या फरकावरून तो ढग ओळखतो. परंतु लडाखमधील हानले येथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, हिवाळ्यात जमीनच गोठलेली असते. तेथे बर्फाळ जमीन ढग म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो. उलट, ताऱ्यांचे तेज मोजणाऱ्याचे काम बिघडविणारे विरळ तंतुमेघ पुष्कळदा निसटतात. तारा ज्यामुळे लुकलुकतो, ती हवेतील खळबळ तर या चित्रांत उमटतच नाही. त्यासाठी माणसालाच थंडीत रात्री जागाव्या लागतात. हानलेला दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००० साली उभी राहिली, ती अशा पाहणीनंतरच.

आपल्याकडे जुन्नरजवळ गिरवली येथे ‘आयुका’ची तेवढ्याच व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली. पावसाळ्यात तिला डोळे मिटावे लागतात, हे सांगावयास उपग्रह नको! उरलेल्या महिन्यांच्या हिशेबासाठी मात्र तो हवा. हवामान खाते ही चित्रे रोज प्रसिद्ध करते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ती आपल्या गावच्या आकाशाशी वर्षभर ताडून पाहावीत. सह्याद्रीच्या कोणत्या पठारावर चित्र फसते, याची नोंदवही तयार झाली, तर पुढील दुर्बिणीची जागा शोधणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.