आतले रस्ते आतलेच राहू द्या

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलने हिंडून येणाऱ्यांची वर्णने आता मराठी वाचकाला नवी राहिलेली नाहीत. लोआर नदीच्या काठाने सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. वाटेत राजवाडे, द्राक्षमळे, जुनी चर्चे लागतात आणि मैलोन्‌मैल कानावर हॉर्न पडत नाही. हे वाचून झाल्यावर ‘आपल्याकडे असे होणे नाही’ असा उसासा ठरलेला असतो. निवांत रस्ता ही श्रीमंत देशाची चैन आहे, अशी समजूत त्या उसाशामागे असते. रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोहा परिसरापुरते बोलायचे तर ती समजूत खरी नाही. इथे निसर्ग आहे, इतिहास आहे आणि खेड्यांना जोडणारे डांबरी रस्तेही आहेत. त्या रस्त्यांवरून कोणी, केव्हा आणि किती वेगाने जायचे, याचा निर्णय मात्र कोणी घेतलेला नाही. येत्या चार-पाच वर्षांत तो घेतला नाही, तर पुढे घेण्यासारखे रस्ते उरणार नाहीत.

फ्रान्सने नेमके काय केले, ते आधी पाहू. बर्गंडीतल्या जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर 1997 मध्ये तिथली पहिली ‘हरित वाट’ खुली झाली. सतराव्या शतकात खणलेल्या मिदी कालव्याच्या काठाने एके काळी बोटी ओढणारे घोडे चालत. आज तिथून सायकली जातात. 2004 मध्ये वाहतुकीच्या नियमावलीतच हरित वाटेची व्याख्या आली आणि ती वाट पादचारी, घोडेस्वार आणि बिनइंजिनाच्या वाहनांसाठी राखली गेली. तरीही तिथला सायकलस्वार बराचसा वेळ अशा खास वाटेवर नसतो. तो असतो गावांना जोडणाऱ्या साध्या, अरुंद जिल्हा रस्त्यांवर. ते निवांत राहिले, कारण लांब पल्ल्याच्या ट्रकला आणि घाईच्या मोटारीला वेगळा द्रुतगती मार्ग मिळाला, आणि तो मिळाल्यावर आतला रस्ता रुंद करण्याचा हट्ट कोणी धरला नाही. आपल्याला घेण्यासारखे आहे ते हे दुसरे सूत्र. त्याला नवे बांधकाम फारसे लागत नाही.

आता इकडचा मुलूख पाहा. रोह्याच्या उत्तरेला मेढ्याच्या माथ्यावर अवचितगड आहे. रोह्याहून घोसाळ्याला गेले की घोसाळगड लागतो. 1665 च्या पुरंदरच्या तहानंतर शिवाजी महाराजांकडे जे बारा किल्ले राहिले, त्यांतला हा एक. तिथून तळा आणि तळगड, आणि आणखी पुढे राजपुरी खाडीच्या वरच्या अंगाला कुड्याची 26 बौद्ध लेणी, त्यांतली जुनी सातवाहनकाळातली. नागोठण्याला अंबा नदीवर चौलच्या काजी अलाउद्दीनने सोळाव्या शतकाच्या अखेरीस दगडी पूल बांधला. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबांचा जन्म झाला. ज्या माणसाने भूदानासाठी देश पायी पालथा घातला, त्याच्या गावाकडे निदान सायकलने तरी निर्धास्त जाता यावे. पेणच्या पश्चिमेला धरमतर खाडीच्या बाजूने खारजमिनी पसरल्या आहेत. भरतीचे पाणी भातखाचरांत शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाड्या ही शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची स्थापत्यविद्या आहे. किल्ल्याइतकाच तोही इतिहास आहे, आणि वाशी, शिर्की, वढावच्या बाजूला तो आजही राबता आहे. हमरापूर आणि जोह्याच्या कारखान्यांत वर्षभर गणपती घडत असतात. एवढे सगळे एका-एका दिवसाच्या सायकलफेरीत बसते. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की शेतात पोपटी लागते, तोच इकडे हिंडण्याचा उत्तम हंगाम.

या मुलखावर वाहनांचा लोंढा येणार हे मात्र ठरलेले आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले. ते किती रखडले, हे पेणकरांना सांगायला नको. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू खुला झाला आणि पेण मुंबईच्या आणखी जवळ आले. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गाचा पहिला टप्पा पेण तालुक्यातल्या बलवलीपर्यंत आखला आहे. उरण, पनवेल आणि पेणमधल्या 124 गावांत नवे शहर वसवण्याची अधिसूचना निघाली आहे. या प्रत्येक कामाला भराव आणि खडी लागणार, म्हणजे डंपर येणार. मुख्य रस्ता तुंबला की मोटारी पाड्या-वाडीतून आडवाट शोधणार, आणि आता तर फोनच त्यांना ती दाखवतो. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता साधारण 3.75 मीटर रुंदीचा असतो. एसटी, मिनीडोअर, बैलगाडी, शाळेची मुले यांच्यासाठी तो पुरतो. भरधाव डंपरसाठी तो बांधलेलाच नाही. डांबर उखडते, मग खड्डे पडले म्हणून रुंदीकरणाची मागणी होते आणि रुंदीकरण झाले की वाहने आणखी वाढतात. या चक्रात सगळ्यांत आधी सायकल आणि पायी चालणारा माणूस रस्त्याबाहेर फेकला जातो. मात्र याच घडामोडीत एक संधीही आहे. जड वाहतुकीला अखेर स्वतंत्र, रुंद मार्ग मिळत असेल, तर तिला आतल्या रस्त्यांवर येण्याचे कारण उरत नाही. तेवढे कायद्याने सांगून टाकायला हवे.

ते सांगण्याचा अधिकार सरकारकडे आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 115 खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना मनाई करता येते. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहने बंद ठेवण्याचे आदेश निघतात, ते याच अधिकारात. राष्ट्रीय महामार्गावर जे काही दिवस करता येते, ते ग्रामीण रस्त्यावर कायमचे करायला अडचण काय? याच जिल्ह्यात दस्तुरी नाक्यापुढे माथेरानमध्ये मोटारींना मज्जाव आहे आणि त्यामुळे माथेरान ओस पडलेले नाही, उलट लोक त्यासाठीच तिथे जातात. कोलाडचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. कुंडलिकेवरचे राफ्टिंग भिऱ्याच्या वीजगृहातून ठरावीक वेळी सुटणाऱ्या पाण्यावर चालते. वेळापत्रक माहीत आहे म्हणून आसपासच्या गावांत त्यावर रोजगार उभा राहिला. रस्त्याचेही तसेच वेळापत्रक असू शकते. रोहा-घोसाळे-तळा-कुडे, पेण-गागोदे आणि खारपट्ट्यातली एक फेरी, एवढ्या तीन मार्गांवर ताशी 30 किलोमीटरची वेगमर्यादा, डंपरला पूर्ण मनाई आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी सहा ते दहा बाहेरच्या मोटारींना बंदी, एवढ्याने सुरुवात होईल. खर्च फलक, गतिरोधक आणि नाक्यावरच्या माणसांचा.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, शहरातल्या हौशी सायकलस्वारांसाठी गावकऱ्यांनी आपला वेग का सोडावा? आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवे. माथेरानचा दुसरा धडा इथे उपयोगी पडतो. तिथल्या सरसकट बंदीचा भार वर्षानुवर्षे हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनी वाहिला. तशी बंदी इथे नको. गावातल्या लोकांची वाहने, एसटी, रुग्णवाहिका, शेतमालाचा टेम्पो यांना मुभा हवीच. पाच-सात किलोमीटरच्या वाटेवर 30 च्या मर्यादेने होणारा उशीर मोजक्या मिनिटांचा असतो. उलट ताशी 60 किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या धडकेत 30 च्या चौपट ऊर्जा असते. शिवाय सायकल ही केवळ हौशी माणसाची नाही. बिहारने 2006 मध्ये मुलींना शाळेसाठी सायकली देण्याची योजना आणली, आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार मुलींच्या वयानुरूप माध्यमिक प्रवेशात 32 टक्के वाढ झाली. सायकल मिळाली तरी रस्त्यावर डंपर असेल तर आई मुलीला पाठवणार नाही. कातकरी आणि ठाकूर वाड्यांतल्या मुलांना शाळेपर्यंत जीव मुठीत न धरता जाता येणे, हा या मागणीचा पहिला हेतू आहे. पर्यटक त्यानंतर येतो.

हवामानाची हरकत किरकोळ आहे. कोकणात पाऊस मुसळधार आणि उन्हाळा घामाचा, हे खरेच. पण चार महिन्यांचा हंगामही खानावळीला आणि सायकल दुरुस्त करणाऱ्याला पुरतो. फ्रान्सलाही हिवाळा असतो.

जास्त काळजीचा प्रश्न जमिनीचा आहे. निवांतपणाची जाहिरात झाली की फार्महाउसवाले येतात, बांध विकले जातात, कुंपणे पडतात. पेणच्या शेतकऱ्यांना जमिनीचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. महामुंबई सेझच्या वेळी 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत जनमत घेतले गेले, आणि त्या लढ्यानंतर प्रकल्प मागे पडला. म्हणूनच या तीन मार्गांचा ठराव वरून लादता कामा नये, तो ग्रामसभांनी करावा, आणि त्यासाठी एक गुंठाही संपादित होऊ नये. खारबांधांवर तर काँक्रीट ओतण्याचा विचारही नको. वाट मातीचीच राहावी आणि पैसा बांधाच्या दुरुस्तीला जावा. बांधावर रोजचा वावर असला की पडलेली खांड वेळेत नजरेस येते, हा शेतकऱ्याचा फायदा आहे.

अंमलबजावणी होईल का, ही शंका शिल्लक राहते. तीन मार्गांवर, एका हंगामापुरते करून पाहिले तर तिचे उत्तर कागदावर न मिळता रस्त्यावर मिळेल. या तिन्ही मार्गांवरच्या ग्रामसभांनी येत्या पावसाळ्यात हे ठराव करावेत, जिल्हा परिषदेने ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावेत आणि कलम 115 खालचा आदेश दिवाळीपूर्वी निघावा.