रिव्हॉल्व्हर आज बरोबर घेऊ का?

वस्तीवर गेलो की मला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. डाऊनीवर काय मारू, मिलीबग खोडात शिरलाय, अनुदानाची फाईल कुठे अडकली. पण मागल्या पौषात एका ओळखीच्या बागायतदाराने चहाचा कप हातात देत हळूच विचारले, "साहेब, उद्या खरसुंडीला खोंड बघायला चाललोय. दीड लाख रोख जवळ हाय. ती बरोबर घेऊ का?"

ती म्हणजे रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या सरकारी कारखान्यातली, ०.३२ बोअरची, रीतसर परवान्याची. हा प्रश्न शेतीखात्याच्या माणसाला का, तर ठाण्यात विचारायला गेले की उगाच चार डोळे आपल्याकडे वळतात, आणि भावकीत विचारावे तर गावभर होते. मी काही शस्त्रांचा जाणकार नाही. पदविका कृषीची. पण या एका विषयात आमच्या घराने किंमत मोजलेली आहे, म्हणून मी त्याला एवढेच म्हणालो, "आधी परवान्याचे पुस्तक आणा."

ते सापडायला अर्धा तास गेला. ट्रंकेत, सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांखाली, खताच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले. आणि माझा पहिला मुद्दा हाच आहे. हत्यार ज्या दिवशी बाहेर निघते त्या दिवशी ते पुस्तकही खिशात पाहिजे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १९ प्रमाणे पोलीस अधिकारी परवाना दाखवा म्हणू शकतो. "घरी हाय, पोराला आणायला लावतो" हे उत्तर तिथे चालत नाही.

पुस्तक उघडले की लोक मुदत बघतात. ती बघावीच. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षांची पाच वर्षे झाली, आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतील असे ठरले. पण मुदतीच्या शेजारी क्षेत्राचा रकाना असतो, तो कोणी वाचत नाही. हा परवाना कुठपर्यंत चालतो ते तिथे लिहिलेले असते. कुणाचा जिल्ह्यापुरता, कुणाचा महाराष्ट्रापुरता, थोड्यांचा देशभर. आपला जिल्हा हद्दीवरचा. मिरजेहून म्हैसाळ ओलांडले की कागवाड, म्हणजे कर्नाटक. जतच्या पूर्वेकडल्या माणसाला सांगलीपेक्षा विजापूर जवळ. आपल्या सोयरिकी अथणीत, आपली मायाक्का चिंचलीत. आपल्याला ती हद्द दिसतच नाही हो. रस्ता तोच, ऊस तोच, चहाही तसाच. परवान्याला मात्र ती दिसते.

माझे मामा द्राक्षे आणि बेदाणावाले. शेजारच्या वस्तीवर रात्री दरोडा पडला तेव्हा त्यांनी अर्ज केला, हेलपाटे घातले, आणि हत्यार घेतले. त्यात त्यांचे काही चुकले असे मी आजही म्हणत नाही. गावापासून दोन मैलांवर एकटे घर, लाईट रात्रपाळीची, म्हातारी आई घरात. भीती खोटी नव्हती. पण पुढे सवय झाली. कुठेही निघाले की पिशवीत ती असायचीच. एप्रिल २०२३ मध्ये अथणीकडे लग्न होते. जीपमध्ये बायकापोरे, मामांच्या मांडीवर पिशवी. त्या वर्षी कर्नाटकात विधानसभेची निवडणूक होती, २९ मार्चपासून आचारसंहिता लागलेली, हद्दीवरच्या नाक्यावर प्रत्येक गाडी उघडून बघत होते. आपल्याकडे निवडणूक नव्हती, त्यामुळे मामांच्या ध्यानीमनीही नाही. रोकड सापडते का हे बघणाऱ्यांना रिव्हॉल्व्हर सापडली. परवाना काढून दाखवला, तर तो महाराष्ट्रापुरता.

हत्यार जप्त, गुन्हा दाखल. लग्न बाजूला राहिले, मामी आणि पोरे रात्री दुसऱ्या गाडीने परत आली. मग पलीकडच्या कोर्टाच्या तारखा, वकील, जामीनदार. इकडे परवाना रद्द का करू नये म्हणून नोटीस. त्या वर्षी ऐन छाटणीत मामा दोनदा तारखेला गेले आणि बाग मजुरांवर सोडावी लागली. ते चोर नाहीत, गुंड नाहीत. एक ओळ वाचायची राहिली. क्षेत्र वाढवून मिळावे म्हणून अर्ज करता येतो, हे त्यांना नंतर कळले.

आता दुसरी गोष्ट, जिच्यात हद्द ओलांडायचीही गरज नाही. आपल्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळींची बातमी येते, ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’. आपण ती मोर्चेवाल्यांसाठी आहे असे समजून पान उलटतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली हा आदेश निघतो, बहुधा पंधरा दिवसांचा, आणि सणावारात, आंदोलनात, निवडणुकीत एकामागे एक निघत राहतो. पाच माणसांच्या जमावाचे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच कलमात शस्त्रे, सोटे, भाले, बंदुका घेऊन फिरण्यालाही बंदी घालता येते, आणि आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. परवाना आहे म्हणजे आदेश आपल्याला लागू नाही, ही समजूत मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडे पाहिली आहे. आदेशात कुणाला सूट आहे ते शब्दन् शब्द वाचा, नाहीतर ठाण्यात विचारा. निवडणुकीत छाननी समिती हत्यार जमा करायला सांगते तेव्हा ते वेळेवर जमा करा आणि पावती जपून ठेवा. मतदान केंद्राच्या आसपास तर हत्यार नेणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

लांबच्या प्रवासाचे थोडक्यात सांगतो. विमानाने जायचे तर हत्यार आणि काडतुसे हातातल्या पिशवीत कधीही नाहीत. रिकामे करून, आधी सांगून, सामानात द्यावे लागते. आणि जुनी बॅग नेण्याआधी तिचे कप्पे उलटे करून झटका. विसरून राहिलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर माणसे अडकली आहेत. ते माहीत नसताना राहिले होते, हे कोर्ट पुढे मान्य करते देखील, पण तोवर काम, तिकीट आणि अब्रू गेलेली असते.

समजा क्षेत्र बरोबर, आदेश नाही, पुस्तक खिशात. तरी घ्यावी का? इथे माझा प्रश्न साधा असतो. दिवसभर ती ठेवणार कुठे? शस्त्र नियम २०१६ सांगतात की सार्वजनिक जागी हत्यार न्यायचे तर ते त्यासाठीच्या पाकिटात, पूर्ण झाकलेले आणि नेणाऱ्याच्या ताब्यात हवे. पाकीट अडकवायला पट्टा लागतो. आपली अर्धी माणसे पायजम्यातली, नाडीवर कसले पाकीट टिकते? मग ती जाते मोटारसायकलच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, नाहीतर हँडलला अडकवलेल्या पिशवीत. देवळात जाताना पिशवी पोराकडे, जेवायला बसताना खुर्चीला. एसटीत डुलकी लागली तर? ज्या दिवशी ती अंगावेगळी करावी लागणार हे आधीच दिसते आहे, त्या दिवशी ती घरीच, रिकामी, कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात. ज्या कार्यात पेला पुढे येणार तिथेही नाही. वरातीत बार काढण्याची हौस तर आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, इतकी महाग आहे.

आणि हो, झाकलेली म्हणजे झाकलेली. सदरा वर करून पाणी पिणारे, बाजार समितीत मुद्दाम वाकून काटा बघणारे काही लोक आहेत. चारचौघांत दाखवलेल्या हत्याराने शत्रू घाबरतो की नाही ठाऊक नाही, पण तुमच्याकडे चोरण्याजोगे काय आहे हे चोराला नक्की कळते.

आता ज्या कामासाठी ती आहे त्याकडे येऊ. लोकांना वाटते, परवाना मिळाला म्हणजे चोरावर झाडायची मुभा मिळाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण बचावाच्या हक्काची चौकट पूर्वीसारखीच आहे. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती समोर उभी असेल तर हक्क मोठा. मालमत्तेसाठी जीव घेण्याइतका हक्क फार थोड्या प्रसंगी, उदाहरणार्थ जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच उरत नाही. विहिरीवरची मोटार खोलून पळणारा पोरगा पाठमोरा आहे. त्याच्या पाठीत गोळी घातली तर आरोपी तुम्ही. साडेसात एचपीची मोटार पुन्हा घेता येते.

रानातल्या जनावरांचा हिशोब वेगळा. पीकसंरक्षणाची बंदूक परवान्यात लिहिलेल्या शिवारापुरती, ती घेऊन बाजाराला जायचे नसते. रानडुकरासाठी वनविभागाची लेखी परवानगी आधी लागते, नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही. शिराळ्याकडे उसात बिबट्या निघतो म्हणून रिव्हॉल्व्हर हवी म्हणणारेही भेटतात. माणसाचा जीव वाचवताना सद्भावनेने वन्यप्राणी मेला किंवा जखमी झाला तर वन्यजीव कायदा गुन्हा मानत नाही. पण पाचटाच्या सळसळीवर अंधारात गोळी झाडणारा समोरच्या पाणक्याला मारून बसेल ही माझी जास्त भीती आहे. तिथे मोठी बॅटरी, दोन माणसे आणि बोलत जाणे बरे.

मग घ्यावी कधी? असे दिवस आहेत, नाही असे नाही. मोठी रक्कम खरोखरच हाताने न्यावी लागणार, एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी, रस्ता आपल्याच क्षेत्रातला, ती सतत अंगावर राहणार, गर्दी नाही. धमकी आलेली आहे आणि तिची लेखी तक्रार दिलेली आहे. किंवा रात्री वस्तीवर मोटार सोडायला जायचे आहे आणि भागात टोळी फिरते आहे. अशा वेळी झाकून घ्या, आणि काम झाले की थेट घरी. चालवायला मात्र शिका. वर्षानुवर्षे एकही गोळी न झाडलेला माणूस अंधारात काय करील, हे त्याचे त्यालाही माहीत नसते.

खरसुंडीला जाणाऱ्या त्या बागायतदाराला मी विचारले, दीड लाख रोखच कशाला? म्हणाला, जनावरांच्या बाजारात ऐनवेळी नोटाच बोलतात. बरोबर आहे त्याचे. पण यात्रेची गर्दी, खिल्लारांच्या दावणी, धूळ, धक्के, त्यात वाकून खोंडाचे दात आणि खुर बघायचे. कमरेला ती घेऊन हे जमणार कसे? शेवटी त्याने ती कपाटात ठेवली, मेव्हण्याला बरोबर घेतले, इसाराचे वीस हजार रोख दिले आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी बँकेतून मालकाच्या खात्यावर टाकले. खोंड चांगला निघाला. थोडा मारका आहे.

ग्रामसेवक, तलाठी आणि पोलीस पाटील हे पान वाचतात म्हणून त्यांनाही एक विनंती. (पहिल्या दोघांचे हुद्दे आता बदलले आहेत, पण गाव अजून याच नावाने हाक मारते.) मनाई आदेशाची प्रत दप्तरात लागते, ती फळ्यावर लावावी. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हत्यार घेऊन फिरू नये’, मोठ्या अक्षरात एवढी एक ओळ. शेजारच्या राज्यात आचारसंहिता लागली तर हद्दीवरच्या गावांत तीही लिहावी. गावात परवाने बोटावर मोजण्याइतकेच असतात, आणि कुणाकडे ते पोलीस पाटलांना माहीत असते. त्यांना घरी जाऊन सांगितले तरी चालेल. मामांची पुढची तारीख ऐन फवारणीच्या दिवसात आहे, मी रजा टाकून त्यांच्याबरोबर जाणार आहे.