किडनी बदलल्यावर साखर वाढली, तर दोष कुणाचा?



कल्याणच्या वालधुनीतल्या एका घरात आईची किडनी मुलाला बसली. डायलिसिस सुटलं. तीन महिन्यांनी त्याला सारखी तहान लागू लागली, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागलं. साखर तपासली तर तीनशेच्या वर. घरचे म्हणाले, "गोड खाल्लंस." मुलगा म्हणाला, "या गोळ्यांनीच झालं," आणि त्याने सगळ्याच गोळ्या बंद केल्या. सुदैवाने दुसऱ्याच दिवशी आम्हाला कळलं. समजावून त्याला डॉक्टरांकडे नेलं.

मुलाचं म्हणणं बरोबर होतं, त्याने केलं ते मात्र जिवावर बेतणारं होतं.

बसवलेल्या किडनीला शरीर परकी समजून तिच्यावर हल्ला करतं. तो रोखायला टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडची गोळी देतात. टॅक्रोलिमसमुळे स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी सुटतं. स्टिरॉइडमुळे आहे त्या इन्शुलिनचा असर कमी होतो आणि यकृत जास्त साखर रक्तात सोडतं. शिवाय आजारी किडनी इन्शुलिन लवकर निचरू देत नव्हती, नवी किडनी ते भराभर काढून टाकते. म्हणून डायलिसिसच्या काळात झाकलेली साखरही आता उघडी पडते. वय जास्त, वजन जास्त किंवा घरात आधीच मधुमेह असेल, तर धोका वाढतो.

आमचा आक्षेप तपासणीच्या पद्धतीवर आहे. आपल्याकडे साखर म्हटली की सकाळी उपाशीपोटी रक्त देतात. पण स्टिरॉइड सकाळी घेतलं की साखर चढते दुपारनंतर. सकाळचा रिपोर्ट चांगला येतो आणि आजार आत वाढत राहतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनीही तपासा. उपाशीपोटी 126 किंवा जेवणानंतर 200 च्या वर आकडा आला, तर लगेच ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना दाखवा. पहिल्या काही महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरीच्या चाचणीवर, म्हणजे एचबीएवनसीवर, एकटीवर विसंबू नका. रक्त कमी असेल किंवा रक्त चढवलं असेल, तर ती फसवते.

गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही चुकवू नका. डोस कमी करायचा, औषध बदलायचं की इन्शुलिन सुरू करायचं, हे डॉक्टर ठरवतील. साखरेवर इलाज आहे, गेलेली किडनी परत मिळणं कठीण.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. चांगलं झालं. पण ऑपरेशननंतर घरी आलेल्या माणसाच्या साखरेकडे कोण बघणार? मुंबईच्या रुग्णालयात दर वेळी दाखवायचं, तर डोंबिवलीच्या माणसाचा लोकलमध्ये दिवस जातो आणि रोजंदारी बुडते. सरकारी केंद्रांत तिशीपुढच्यांची साखर तपासतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या दवाखान्यांत प्रत्यारोपण झालेल्यांची, वय काहीही असो, दुपारची साखर मोफत तपासावी. डिस्चार्जच्या कागदावर त्या तपासणीच्या तारखा मराठीत लिहून द्याव्यात. ही भीक नव्हे, आपला हक्क आहे.

तोवर आपण काय करू शकतो? विहारात वर्गणीतून एक ग्लुकोमीटर ठेवू. प्रत्येकाला नवी सुई वापरू. आणि आजारी माणसाला दोष देणं थांबवू. मधुमेह बाबासाहेबांनाही होता. त्यात लाज कसली?

जय भीम.