मुसीचे धाकटे रहिवासी

हैदराबादच्या मराठी घरांत पाण्याच्या दोनच जाती मानल्या जातात: नळाचे ते गोडे, बोअरचे ते खारे. डाळ कोणत्या पाण्यात शिजते आणि कोणत्या पाण्यात टणक राहते, हे आमच्या गृहिणींना कोणत्याही प्रयोगशाळेआधी कळते. गंडीपेठचे पाणी प्यायलेला मनुष्य हे शहर सोडून जात नाही, ही इथली म्हण तर आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी खरीच करून दाखविली. परंतु पाण्याची पारख करणारे आणखीही काही जीव आहेत, आणि त्यांची जीभ आपल्याहून पुष्कळच हळवी आहे. ते म्हणजे नदीनाल्यांच्या तळाशी राहणारे अपृष्ठवंशीय प्राणी: कीटकांच्या अळ्या, गोगलगाई, शिंपले, कृमी. मुसीच्या पुनरुज्जीवनाची चर्चा जोरात चालू असताना या धाकट्या रहिवाशांची कोणी आठवण काढीत नाही, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहावे असे आम्ही योजिले आहे.

मुसी उगम पावते ती विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरांत. तेथील माथ्यावरचा जांभा दगड पावसाचे पाणी पिऊन ठेवतो आणि पुढे ते झऱ्यांवाटे थोडेथोडे सोडीत राहतो. अशा वाहत्या, थंड, निर्मळ पाण्यातला एखादा दगड उलटा करून पाहिला, तर त्याच्या पोटाशी तीन शेपट्यांचा एक चपटा, चपळ किडा चिकटलेला आढळतो. तो मेफ्लायचा बालजीव. पंख फुटल्यावर त्याचे आयुष्य जेमतेम एखाद्या दिवसाचे, पण तोवर महिनोन् महिने त्याचा संसार पाण्यातच चालतो. शेजारी वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळी बांधणारी कॅडिस माशीची अळी असते, चतुराची पिल्ले असतात, वर पाणनिवळ्या फेर धरतात.

या जीवांना खारेपणा का सोसत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. गोड्या पाण्यातल्या प्राण्याच्या अंगातले रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत आत शिरते आणि अंगातले क्षार बाहेर निसटतात. गळक्या होडीतल्या नावाड्याप्रमाणे हा प्राणी अहोरात्र पाणी उपसतो आणि निसटलेले क्षार कल्ल्यांवाटे पुन्हा वेचून घेतो. पाण्यात भलते क्षार वाढले की ही घडी विस्कटते. जी शक्ती वाढीला आणि प्रजेला लागायची, ती नुसत्या तगण्यात खर्ची पडते. मेफ्लाय याला सर्वांत आधी बळी पडतो, चतुर आणि पाणभुंगे बरेच दिवस टिकाव धरतात. अमेरिकेतल्या अपालाचियन डोंगरांत कोळशाच्या खाणींमुळे ओढे खारावले, तेव्हा तेथील पर्यावरण खात्याने २०११ साली तळजीवांच्या नोंदींवरून एक मर्यादा सुचविली. तिचे आपल्या हिशेबात रूपांतर केले तर लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असा आकडा येतो. आपल्याकडे माणसाच्या पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार निःशंकपणे चालतात! अर्थात तो आकडा त्या डोंगरांपुरताच आहे, तो जसाच्या तसा दख्खनला लावता येणार नाही. पण आपल्या जिभेला गोडे वाटणारे पाणी एखाद्या किड्याला खारे असू शकते, एवढे त्यावरून कळते.

आता झरा आटला म्हणजे काय होते? केवळ पाणी कमी होते असे नव्हे. प्रवाह मंदावतो, पाणी तापते, त्यातला प्राणवायू घटतो, दगडांवर गाळाची साय धरते, आणि जे क्षार पूर्वी पुष्कळ पाण्यात विखुरलेले होते ते थोड्या पाण्यात दाटतात. पातेल्यातले पाणी आटवीत नेले की तळाशी पांढरा थर उरतो, त्यातलाच हा प्रकार.

मुसीच्या बाबतीत गोष्ट याहून विचित्र आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरानंतर नदीला लगाम घालण्यासाठी १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली ईसा नदीवर हिमायतसागर पुरे झाले. शहराला त्यांनी तारले, आणि प्यायला पाणीही दिले. पण वरचे गोडे पाणी तेथेच अडले. पुढे भूजलाचा उपसा वाढत गेला तसा या तलावांकडे येणारा ओघही रोडावला. आज चादरघाटच्या पुलाखाली उन्हाळ्यात जे वाहते, ते बहुतांशी मांजरा, कृष्णा आणि गोदावरी यांचेच पाणी, आपल्या मोऱ्यांतून जाऊन आलेले. अशा प्राणवायूहीन गाळात फावते ते कायरोनोमसच्या लाल अळीचे आणि ट्युबिफेक्स कृमींचे. या अळीच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून ती तेथे श्वास घेऊ शकते. ती असंख्य झाली म्हणून नदी जिवंत आहे असे कोणी समजू नये.

अंबरपेठच्या केंद्रात दररोज ३३.९ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची सोय आहे. ते काम मोलाचेच आहे. परंतु तेथले सूक्ष्मजीव घाण खातात, मीठ खात नाहीत. विरघळलेले क्षार केंद्रात शिरतात तसेच बाहेर पडतात. त्यांना सौम्य करणारे एकच औषध, वरून येणारे गोडे पाणी. म्हणून झऱ्यांच्या मुलखाचा प्रश्न महत्त्वाचा. १९९६ च्या १११ क्रमांकाच्या आदेशाने दोन्ही तलावांभोवती १० किलोमीटरपर्यंत, ८४ गावांत, कारखाने आणि मोठ्या वसाहतींना मनाई केली होती. ते निर्बंध उठविणारा आदेश एप्रिल २०२२ मध्ये निघाला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. दरम्यान गोदावरीचे पाणी उपसून या तलावांत सोडण्याची योजना आखली गेली आहे. येईल तेव्हा त्याचे स्वागतच करू. मात्र पंपाला विजेचे बिल येते, जांभ्या दगडाला येत नाही.

आणि आपल्या घरचे मीठ? बोअरचे जड पाणी मृदू करणारी यंत्रे आता सदनिकांच्या अनेक इमारतींत बसली आहेत. त्यांच्यासाठी जाड्या मिठाची पोती मागविली जातात. यंत्र धुतले की ते सारे मीठ गटारात उतरते आणि शेवटी मुसीला मिळते. सोसायटीच्या पुढच्या सभेत वर्षाकाठी किती पोती लागतात, एवढे विचारून पाहावे.