मेहताजींचा पगार

घर बांधणे एक वेळ सोपे, त्याची मालकी निभावणे कठीण. म्हणूनच मुंबईच्या चाळींत मालकापेक्षा त्याचा मेहताच अधिक प्रसिद्ध असे. मालकाचे दर्शन कित्येक बिऱ्हाडांना जन्मात घडत नसे. मेहताजी मात्र काखोटीला पावतीपुस्तक मारून दरमहा हजर! नळ गळो की जिना डुगडुगो, गाऱ्हाणे त्यांच्याच कानी घालायचे आणि त्यांनी ‘शेठना सांगतो’ म्हणून पुढच्या खोलीकडे वळायचे.

या मेहताजींना आपण पुष्कळ नावे ठेवली. पण त्यांना पगार काय मिळे, हे कोणी विचारले का? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. मालकाचेच उत्पन्न गोठले, तिथे मेहत्याचे कसे वाढावे? मग पावतीवरचे नाव बदलताना त्याचे हात ओले होऊ लागले. पगडी घेणे तेव्हा गुन्हा. त्यामुळे तिला पावती नाही आणि हिशेबही नाही. १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली, तोवर मेहत्यांच्या दोन पिढ्या सरल्या होत्या.

हे सारे आठवण्याचे कारण माझी मावशी. ती राहते नाशिकला, आणि तिचा निर्वाह चालतो ठाण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यावर. देखरेखीला माणूस हवा. त्याला द्यावे काय?

भाड्यावर टक्केवारी द्यावी, तर वसुली चोख होते, नळ मात्र गळत राहतो. दुरुस्तीच्या बिलावर द्यावी, तर न गळणारा नळही गळू लागतो! नव्या भाडेकरूमागे महिन्याचे भाडे द्यावे, तर चांगला भाडेकरूही अकरा महिन्यांत नकोसा होतो. वीस हजार भाड्याचे पाच टक्के म्हणजे हजार रुपये. तेवढ्यात कोण किती वेळा जिना चढणार?

मी मावशीला सांगितले : भाडे थेट तुझ्या खात्यात येऊ दे. त्याला ठरावीक मेहनताना दे, तोही पोटभर. खर्चाची मर्यादा लिहून दे, बिले माग. करार मात्र स्वतः वाचून नोंदव. नोंदणी चुकली तर कायदा मालकाला धरतो, मेहत्याला नव्हे.

आणि अधूनमधून भाडेकरूला स्वतः फोन कर. नळ गळतो की नाही, हे त्याच्याइतके खरे दुसरे कोण सांगणार?