काटा एकच हवा

नातवाच्या कंपनीत सध्या एक वाद चालू आहे, आणि सुटीत तो आमच्या ओसरीवरही येऊन पोचला. मोबाईलचं ॲप कोटलिन भाषेत, कचेरीतला प्रोग्राम पायथनमध्ये. दोघांनाही एकाच सर्व्हरकडून माहिती मागवायची. तर मागणी पाठवून उत्तराची वाट बघणारा भाग दोन्ही भाषांत वेगवेगळा लिहायचा, की एकदाच लिहून दोघांत वाटून घ्यायचा? माझं मत कुणी विचारलं नव्हतं. पण मास्तर माणूस, दिलंच. एकदाच लिहा.

आधी ती 'असिंक्रोनस' भानगड. नाव अवघड, गोष्ट ओळखीची. पूर्वी बँकेत स्लिप दिली की पितळी बिल्ला हातात पडायचा. मग खिडकीला चिकटून उभं राहायची गरज नसे. बाकावर बसा, पेपर वाचा, नंबर पुकारला की जा. प्रोग्रामचंही तेच. मागणी पाठवली की बिल्ला मिळतो, आणि उत्तर येईपर्यंत प्रोग्राम दुसरी कामं उरकतो. जावास्क्रिप्टवाल्यांनी तर त्या बिल्ल्याला 'प्रॉमिस' म्हटलंय. पायथनमध्ये २०१५ पासून 'अवेट' आहे. वाट बघ, सरळच.

आता दोनदा लिहिलं तर बिघडतं काय? मागणी पाठवणं सोपं आहे हो. किती सेकंद थांबायचं, उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचं का, खरी मेख इथं आहे. कापसाचा भाव दहादा विचारला तरी काही बिघडत नाही. पण अर्ज? सर्व्हरनं अर्ज घेतला, पावती वाटेत हरवली, आणि ॲपनं अर्ज पुन्हा पाठवला, तर एकाच शेतकऱ्याचे दोन अर्ज. उपाय आहे. अर्जाला पाठवणाऱ्यानंच एक खूणनंबर द्यायचा, म्हणजे तोच अर्ज पुन्हा आला की सर्व्हर ओळखेल. पण हा नियम पायथनवाल्यांनी पाळला आणि कोटलिनवाले विसरले तर? २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायला राज्यभर शेतकऱ्यांनी रांगा लावल्या होत्या. अशा रांगेतल्या माणसाला मोबाईलवर एक उत्तर आणि कचेरीत दुसरं मिळालं, तर त्यानं जायचं कुठे?

पाटणबोरीकडे, तेलंगणाच्या सीमेवर, बाजारात मराठी चालते आणि तेलुगूही. पण म्हणून कुणी मराठीचा एक काटा आणि तेलुगूचा एक काटा ठेवत नाही.

ही काही माझी शोधलेली अक्कल नव्हे. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं 'कर्ल' १९९८ पासून चालू आहे. त्याचा गाभा सी भाषेत लिहिलेला, आणि पीएचपी, पायथन अशा कितीतरी भाषा तोच वापरतात. एकाच वेळी अनेक मागण्या सांभाळायची सोयही त्यात आहे. मोझिलानं तर युनिएफएफआय नावाचं साधन केलंय. गाभा रस्ट भाषेत लिहा, त्याला कोटलिनचं, स्विफ्टचं, पायथनचं दार ते बसवून देतं.

नातू म्हणाला, "आबा, दार बसवणंच तर अवघड आहे." त्याचंही खरं. वाट बघायची प्रत्येक भाषेची रीत वेगळी. उत्तर गाभ्यातून दुसऱ्याच धाग्यावर येतं, ते पायथनच्या हाती द्यायचं तर सहसा आधी त्याचं कुलूप घ्यावं लागतं. माणसानं मधेच ॲप बंद केलं तर कोटलिन वाट बघणं सोडून देतं, आतला रस्ट मात्र काम करतच राहू शकतो. बिल्ला परत केला म्हणून आतला कारकून थांबत नाही, त्याला जाऊन सांगावं लागतं. शिवाय गाभ्यात चूक झाली की दोन्ही घरं एकदमच अंधारात, आणि रस्ट वाचता येणारा त्यांच्यात एकच जण.

तरीही मला हा सौदा महाग वाटत नाही. अवघड जागा उंबरठ्यापुरती राहते, आणि चूक सापडली तर एकाच ठिकाणी दुरुस्त होते. दार मात्र त्या त्या भाषेच्या वळणाचं हवं. पायथनवाल्याला ते पायथनच वाटलं पाहिजे, नाहीतर पोरं मागच्या दारानं आपापलं लिहून मोकळी होतील.

एक गोष्ट मात्र मी अडून मागितली. त्याच्या गाभ्यात 'यशस्वी' आणि 'अयशस्वी' अशी दोनच उत्तरं होती. पावती हरवली तर? तिथं 'अयशस्वी' म्हणणं खोटं आहे. 'अर्ज पोचला का, ते अजून कळलेलं नाही, पुन्हा भरू नका' असं तिसरं उत्तर हवं, आणि तेही मराठीत. ते घातलंय म्हणे. कोटलिनच्या पोरांना अजून पटायचंय.