वाचनाची हजेरी बंद करा



आपली वाचणारी पोरं थकलीत. पुस्तकानं नव्हे. वाचलं म्हणून सांगून सांगून थकलीत.

दिवसभर नोकरी. संध्याकाळी वस्तीत मीटिंग, नाहीतर कुणाच्या जातपडताळणीच्या कागदांसाठी धावपळ. रात्री अकराला पुस्तक उघडायचं. त्याआधी त्याचा फोटो काढायचा. बाजूला चहाचा कप, कपाशेजारी चष्मा. मग हातात पेन्सिल. कशाला? तोडून टाकता येईल असं एखादं वाक्य सापडतं का बघायला. चाळीस पानं झाली की डोक्यात परीक्षणाचा पहिला परिच्छेद तयार. पुस्तक बिचारं अजून बोलतंय, इथं निकाल लागून मोकळा. संपलं की तारे. तीन द्यावेत की चार? चार दे बाबा, लेखक ओळखीचा आहे. मग रात्री एकपर्यंत फोनकडे बघत बसायचं, किती अंगठे आले.

जानेवारीत ५२ चा आकडा टाकलेला असतो. आठवड्याला एक. नोव्हेंबरात गाडी ३७ वर अडकते. मग जाड पुस्तकं मागं, पातळ पुढं. डिसेंबरात कवितासंग्रह दोन तासांत. ज्यानं दहा वर्षं जिवाला जाळून कविता लिहिली, त्याला दोन तासांत उरकला आणि वर 'अप्रतिम' म्हणून शिक्का मारला. त्या अप्रतिमची किंमत काय? त्या कवीनंही ते वाचून मान हलवली आणि पुढं गेला, कारण आदल्या रात्री त्यानंही कुणाला तरी 'अप्रतिम' दिलेलं होतं.

ह्याला वाचन म्हणायचं? ही हजेरी आहे. मस्टरवरची सही आहे.

मस्टर कुणाचं, तेही बघा. गुडरीड्स २००७ साली अमेरिकेत सुरू झालं. वाचकांनी याद्या लावल्या, तारे दिले, परीक्षणं लिहिली. २०१३ साली ॲमेझॉननं ते सगळं विकत घेतलं. जो पुस्तकं विकतो, त्याच्याच ताब्यात पुस्तकांवरची चर्चा गेली. विकायला त्या मालकांकडं होतं काय? लाखो लोकांनी फुकट केलेलं काम. पैसे मालकाला मिळाले, लिहिणाऱ्याला वर्षाअखेरीस एक रंगीत चित्र मिळतं: तू इतकी पुस्तकं वाचलीस, इतकी पानं वाचलीस, शाब्बास. २०२० च्या डिसेंबरात कंपनीनं ही माहिती वापरण्यासाठी बाहेरच्या कार्यक्रमांना नवी किल्ली देणंही बंद केलं. धान्य तुमचं, कणगी त्यांची, कुलूपही त्यांचंच.

आपल्या आज्यापणज्यांनी गावाची वेठ केली. त्या वतनाच्या कायद्याला हात घालणारं बिल बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात आणलं. ते वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. तीस वर्षं. कुणी म्हणेल, ही तुलना जास्त होतेय. होतेय, मान्य. तिथं पाठीवर काठी होती, पोटावर पाय होता. इथं कुणी धरलेलं नाही, बोट आपलंच आहे. म्हणून तर जास्त झोंबतं. फुकट राबण्याविरुद्ध ज्यांचं घराणं लढलं, त्यांची पोरं रात्री एकला जागून दुकानदाराची वही भरून देतायत, आणि वर नंबर मागे पडला म्हणून स्वतःलाच शिव्या घालतायत!

हा थकवा नवा नाही. जॉर्ज ऑर्वेल, १९०३ साली बिहारात मोतिहारीला जन्मलेला, अफू खात्यातल्या गोऱ्या साहेबाचा पोरगा. त्यानं १९४६ च्या मे महिन्यात 'ट्रिब्यून'मध्ये पुस्तकं परीक्षणाला घेणाऱ्या माणसाचं चित्र काढलंय. थंडगार खोली, सिगारेटची थोटकं, टपालानं आलेला पुस्तकांचा गठ्ठा, पस्तिशीचा माणूस पन्नाशीचा दिसतोय. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्या पुस्तकाबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही, त्याच्याबद्दल काहीतरी वाटल्याचं सोंग रोज आणावं लागतं, आणि त्यात माणूस आतून वाया जातो. उपायही त्यानं सांगितला. बहुतेक पुस्तकांना हातच लावू नये. थोडक्यांवर लिहावं, पण भरपूर लिहावं, हजार शब्दांच्या खाली जाऊ नये. त्याच्या सात वर्षं आधी, १९३९ साली, व्हर्जिनिया वुल्फनं एक पुस्तिका काढली. तिनं उपरोधानं सुचवलं की परीक्षणंच काढून टाका, पुस्तकावर आवडलं-नावडलंची एकेक खूण उमटवा, झालं. आज तो उपरोध हातातल्या फोनमध्ये खरा झालाय. फरक एवढाच, ऑर्वेलच्या त्या माणसाला कामाचे निदान चार पैसे तरी मिळायचे.

आता आपल्यापुरतं बोलू. चळवळीतल्या पोराच्या खांद्यावर आणखी दोन ओझी आहेत.

पहिलं ओझं: आपल्या माणसाचं पुस्तक आलं की पाच तारे. चार दिले तर फोन येतो. "काय भाऊ, एक तारा कुठं गेला?" पुस्तक कच्चं असेल, आत्मकथनात दुसऱ्याच्याच आत्मकथनाची पानं उतरलेली असतील, मुद्रितं कुणी धड तपासलेली नसतील, तरी पाच. मग ज्याचं पुस्तक खरंच अंगावर येतं त्याला काय द्यायचं? सहावा तारा आहे कुठं? आपल्या साहित्याला जातवाल्यांनी मारलेलं नाही इतकं हे कौतुक मारतंय. ज्या पिढीनं मराठी साहित्याला तोंडावर जाब विचारला, तिच्या नातवंडांनी आपसांत जाब विचारायचा नाही? भांडण म्हणजे प्रेम असतं रे. ज्याच्या पुस्तकाशी तू भांडलास, त्याचं पुस्तक तू वाचलंस.

दुसरं ओझं: युद्ध. कुणी आपल्या पुस्तकावर एक तारा मारला की सगळ्यांनी जाऊन पाच मारायचे. त्यांच्यावर आपण एक मारायचा. पुस्तक वाचलंय का, हा प्रश्नच उठत नाही. हे सगळीकडं चाललंय. २०२३ च्या जूनमध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट ह्या अमेरिकन लेखिकेची रशियात घडणारी कादंबरी यायची होती. अजून छापली नव्हती, कुणी वाचली नव्हती. शेकड्यांनी एकेक तारा पडला आणि तिनं कादंबरी मागं घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्याच एका नव्या लेखिकेनं खोटी खाती काढून दुसऱ्या नवोदितांना एकेक तारा मारला. त्यातले बरेचसे गोरे नव्हते. उघडं पडल्यावर प्रकाशकानं तिचं पुस्तक रद्द केलं. ताऱ्यांच्या बाजारात दुबळ्यावरच दगड पडतो. आपण त्या बाजारात आपली ताकद किती दिवस जाळायची?

इथं एखादा कडवा कार्यकर्ता उठेल आणि म्हणेल, "वाचन हा छंद कधीपासून झाला? वाचन हे हत्यार आहे. छंद पांढरपेशांना असतात. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचत होते, ते काय टाइमपास म्हणून?"

थांब दोस्ता. बाबासाहेबांचं नाव घेतलंस, तर पुरतं घे. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी असताना पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं घेणारा माणूस कुणाला हिशोब देत होता? उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले, ते कुठल्या आंदोलनासाठी? कुत्र्यावर जीव लावला, पेनांचा शौक केला. ह्याचा ठराव कुठल्या परिषदेत झाला होता?

आणि ही आवडीनिवडीची गोष्ट बाजूला ठेव, विचाराचीच घे. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर त्यांनी जे पुस्तक लिहिलं, त्यात गांधीवादाच्या प्रकरणात यंत्राची बाजू घेतलीय. का घेतली? यंत्रानं माणसाला फुरसत मिळते म्हणून. पोटामागं राबण्यात ज्याचा सगळा दिवस जातो, त्याच्या वाट्याला संस्कृती येत नाही. जनावरात आणि माणसात फरक पडायचा तर माणसाला फुरसत पाहिजे, असा त्यांचा रोकडा मुद्दा आहे. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं त्यांच्याकडं होतं, १९४२ ते ४६. त्या काळात कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणायचं विधेयक त्यांनी मांडलं. ते सहा तास कामगाराला कशाला हवे होते? मालकाला दुसऱ्या दारानं परत द्यायला?

फुरसत आपल्याला कुणी दान दिलेली नाही. ती लढून मिळालीय. छंद पांढरपेशांचा, असं म्हणणारा नकळत त्यांचंच म्हणणं पुढं चालवतोय: दलितानं हसायचं नाही, गाणं म्हणायचं नाही, कामाशिवाय पुस्तक उघडायचं नाही. त्यानं वाचलं की लगेच त्याच्यातून क्रांती निघाली पाहिजे, नाहीतर पदवी. आपली अर्धी पिढी अभ्यासिकेत बसून वाचायला शिकली. तिथं पुस्तक म्हणजे प्रश्न आणि चार पर्याय. तिथून सुटला तो ह्या ताऱ्यांत अडकला. मधे नुसतं वाचणं त्यानं पाह्यलंच नाही.

मोजल्यानं गोडी मरते, हे आता प्रयोगानंही दिसलंय. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेल्या पोरांना काही जणांनी सांगितलं, चित्र काढा, प्रमाणपत्र देऊ. दिलं. आठ-पंधरा दिवसांनी मोकळ्या वेळात तेच रंगीत पेन पुढं ठेवले, तर ही पोरं बक्षीस न सांगितलेल्या पोरांच्या निम्म्यानंच तिकडं फिरकली. २०१६ साली ड्यूक विद्यापीठातल्या जॉर्डन एटकिन ह्या बाईंनी रंगवणं, चालणं, वाचणं ह्यांवर प्रयोग छापले. मोजमाप दाखवलं की माणूस जास्त करतो, पण त्याची मजा कमी होते. काम वाढलं, आनंद गेला. ह्यालाच तर आपण नोकरी म्हणतो.

एक खरा आक्षेप राहतो. आपले प्रकाशक छोटे. पेपरात त्यांच्या पुस्तकाला जागा नाही. आपण फोनवर लिहिलं नाही तर पुस्तक लोकांपर्यंत जाणार कसं? बरोबर आहे. मग त्याला जाहिरात म्हणा, प्रचार म्हणा, आणि प्रचारासारखंच करा. पाळी लावून, चार जणांत वाटून, चार ओळींत: पुस्तक आलंय, किंमत एवढी, इथं मिळेल. भिंत रंगवतो तसं. त्यासाठी आवडल्याचं सोंग नको. आणि ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कावर या, धम्मचक्र दिनाला नागपुरात दीक्षाभूमीवर जा. खेड्यातून आलेली माय पुस्तकाच्या स्टॉलपुढं उभी राहते. नातवाला म्हणते, "वाच बरं काय लिवलंय." तो दोन ओळी वाचतो. ती पदराची गाठ सोडते. कुठं तारे, कुठं आकडा? आपली पुस्तकं तिनं जगवलीत.

तेव्हा करायचं काय, ते सांगतो. पटलं तर करा.

त्या ५२ चा आकडा आजच पुसा. गुडरीड्सवरची तुमची यादी उतरवून घेता येते, ती घ्या, जवळ ठेवा, आणि वर्षभर तिकडं तारा मारू नका. नव्या पुस्तकाचा फोटो काढू नका. ते जुनं होऊ द्या, त्याला हळदीचा डाग पडू द्या. पुस्तक आवडलं नाही तर तिसाव्या पानावर सोडा, कुणाला कारण देऊ नका. आवडलं तर परत वाचा. मुद्दाम परत वाचा. बाबुराव अर्णाळकरांची रहस्यकथा वाचा, क्रिकेटवरचं वाचा, पाखरांवरचं वाचा. गावच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात जी कपाटं कुणी उघडत नाही, ती उघडायला लावा. वाचलेलं एका माणसाला तोंडानं सांगा. पुस्तक त्याच्या हातात द्या. परत येणार नाही हे धरून द्या.

आणि लिहायचं नाही का? लिहा की! वर्षातून एकदा एखादं पुस्तक झोपू देत नाही, त्याच्यावर लिहा. पाच पानं लिहा, दहा लिहा. लेखकाचं नाव घेऊन भांडा. ते अशा पानांवर पाठवा, जिथं उलट उत्तर देणारा माणूस भेटतो. पाच ताऱ्यांना काय उत्तर देणार?

बाकीची ५१ पुस्तकं, नाहीतर ११, नाहीतर दोन, ती तुमची. ती वाचलीत ह्याचा पुरावा आपण कुणाला देणं लागत नाही. ज्यांना अक्षर बघायची बंदी होती त्यांच्या लेकरांनी तर मुळीच नाही.

आज रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खोली एकच असेल तर पिठाच्या डब्यावर ठेवा. आणि वाचा.

जयभीम.